शेवट कापलेली फीत



आमच्या वस्तीतील विहारात दर रविवारी वंदनेनंतर मुलांचा वर्ग भरतो. मध्यंतरी वर्गातील एका मुलाचा वाढदिवस होता, म्हणून त्याच्या आईने चॉकलेटची बरणी पाठवली होती. बरणी हातोहात फिरत दुसरीतल्या एका मुलीपाशी आली आणि ती मुलगी हात मागे घेऊन रडू लागली. आम्हाला वाटले, कुणी चिमटा काढला असेल. विचारले तर म्हणते, "काका, आतून हात येतो. दोन घेतली की आत ओढून नेतो."

मागे बसलेली मोठी पोरे खिदळू लागली. त्यांतल्याच एकाच्या मोबाईलवर ती एक मिनिटाची चित्रफीत होती. कॅमेरा इकडेतिकडे हलतो, चार माणसे हसत-ओरडत आहेत, समोर गोळ्यांचे भांडे आहे आणि पुढे जे होते ते आम्ही इथे लिहीत नाही. खाली मजकूर होता, 'अमेरिकेत घडलेली सत्य घटना, कमजोर हृदयाच्या लोकांनी पाहू नये.' असे लिहिले की कमजोर हृदयाची माणसे आधी पाहतात, हे लिहिणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

नंतर तिची आई भेटली. बाई एका रुग्णालयात सफाईचे काम करते, पाळी रात्रीची. ती म्हणाली, "भाऊ, तीन दिवस झाले, पोरगी एकटी संडासला जात नाही. मी कामावरून येईपर्यंत पोट दाबून बसते." आमच्या वस्तीत संडास सार्वजनिक आहे, गल्लीच्या टोकाला. दिव्याचे म्हणाल तर तो महिन्यातले पंधरा दिवस बंदच. ज्याच्या घरात संडास आहे त्याला हा भुताचा खेळ गंमत वाटेल. या माऊलीला ती गंमत परवडणारी नाही.

म्हणून आम्ही त्या फितीचा माग काढायचे ठरवले. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याने तासाभरात छडा लावला. ती कुठलीही सत्य घटना नव्हे. 'व्ही/एच/एस/हॅलोविन' नावाच्या अमेरिकन भयपटाचा तो तुकडा आहे. हा चित्रपट ३ ऑक्टोबर २०२५ रोजी तिकडच्या 'शडर' या भयपट दाखवणाऱ्या ऑनलाइन सेवेवर आला. २०१२ साली सुरू झालेल्या या मालिकेतला हा आठवा. त्याच कार्यकर्त्याच्या मदतीने आम्ही तो दोन रात्रींत, मुले झोपल्यावर, आवाज बारीक करून पाहिला. आमच्या घरच्या दहाव्या मिनिटाला उठल्या आणि "यापेक्षा पेपरातल्या बातम्या बऱ्या" असे म्हणून निजायला गेल्या.

आता हे हॅलोविन काय आहे ते आधी पाहू. ३१ ऑक्टोबरची रात्र म्हणजे हॅलोविन. दुसरा दिवस ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा. पण त्याच्या मागे आयर्लंड आणि स्कॉटलंडकडचा जुना सण आहे, सुगी संपून हिवाळा लागतो तेव्हाचा. त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात अशी तिथली समजूत होती. एकोणिसाव्या शतकात आयरिश माणसे पोट भरायला मोठ्या संख्येने अमेरिकेत गेली आणि हा सणही त्यांच्याबरोबर गेला. आज तिथे मुले भुताखेतांची सोंगे घेऊन घरोघर जातात आणि गोळ्या-चॉकलेटे मागतात. आपल्याकडे पितरांसाठी पान वाढून कावळ्याची वाट पाहत, तिकडे पितरांची सोंगे काढून पोरांना खाऊ देतात. आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या त्याच दिवशी श्राद्ध-पिंडदान सोडले. त्यांनी आपल्या पितरांचा निदान खेळ तरी करून टाकला. असो.

चित्रपट म्हणजे एक सलग गोष्ट नाही. वेगवेगळ्या दिग्दर्शकांनी केलेल्या पाच गोष्टी आणि त्यांना बांधणारी सहावी, असा हा संग्रह आहे, आपल्याकडच्या दिवाळी अंकातल्या भयकथांसारखा. प्रत्येक गोष्ट अशी दाखवली आहे की जणू कुणाची तरी घरगुती चित्रफीत सापडली आणि ती जशीच्या तशी लावली. या प्रकाराला तिकडे 'फाउंड फुटेज' म्हणतात. आपण त्याला 'सापडलेली फीत' म्हणू.

ती मुलगी ज्याला घाबरली त्या गोष्टीचे नाव 'फन साइझ', दिग्दर्शक कॅस्पर केली. मोठी माणसे लहान मुलांसारखी सोंगे घेऊन गोळ्या मागत फिरतात. एका ठिकाणी भांडे ठेवलेले, त्यावर सूचना की प्रत्येकाने एकच घ्यावी. ही मंडळी जास्त घेतात आणि भांड्यातून थेट एका कारखान्यात ओढली जातात. तिथे माणसांच्याच गोळ्या बनतात. गोष्ट किळसवाणी आहे, पण गंभीर मुळीच नाही. लेखक-दिग्दर्शक स्वतः हसत हसत सांगतो आहे, हे पूर्ण पाहणाराला लगेच कळते. एका मिनिटाचा तुकडा पाहणाऱ्या सात वर्षांच्या मुलीला ते कळण्याचे काही कारण नाही.

पण या गोळ्यांच्या भीतीची खरी हकिगत अधिक विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेत कैक वर्षे आईबापांना धास्ती आहे की हॅलोविनच्या रात्री कुणी अनोळखी विकृत माणूस गोळीत विष किंवा दाढीचे पाते घालून आपल्या मुलाला देईल. जोएल बेस्ट नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९५८ सालापासूनच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने अशी सरसकट विषारी गोळी वाटली आणि त्याने मूल दगावले, असे एकही प्रकरण त्यांना सिद्ध झालेले आढळले नाही. मूल दगावल्याचे एक प्रकरण मात्र खरे आहे. १९७४ च्या हॅलोविनला टेक्सासमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा सायनाइड घातलेली गोड पूड खाऊन मेला. ती त्याला दिली होती त्याच्या बापाने, रोनाल्ड ओब्रायनने. विम्याच्या पैशासाठी! संशय येऊ नये म्हणून त्याने तशाच पुड्या इतर मुलांनाही दिल्या होत्या. सुदैवाने त्यांनी त्या खाल्ल्या नाहीत. अनोळखी माणसाची अफवा आधीपासून होतीच, तिच्याआड आपण लपू, असा त्याचा हिशेब होता. १९८४ साली त्याला देहदंड झाला.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. सगळ्यांना बांधणारी 'डाएट फँटाझ्मा' ही १९८२ सालातली गोष्ट आहे. एक शीतपेयाची कंपनी नव्या पेयाची चाचणी माणसांवर करते, पिणारा एकेक जण भयंकर रीतीने मरतो, आणि साहेब पुढच्याला आत पाठवा म्हणतात. माल वेळेवर बाजारात गेला पाहिजे. कारखान्यात राबलेल्या वाचकांना यातले भूत कुठले ते सांगायला नको. 'होम हाँट' मध्ये एक बाप दरवर्षी घरात भुतांचा देखावा उभारतो. मुलगा लहान असताना त्याला बापाचा अभिमान, मोठा झाल्यावर लाज. एके वर्षी देखाव्यातली भुते खरी होतात. भुते सोडा, पण बापाची हौस आणि मुलाचे तोंड फिरवणे आम्हाला लागले. आमच्याही घरी जयंतीच्या देखाव्याच्या वेळी हेच चालते. स्पेनच्या पाको प्लाझा यांच्या गोष्टीत एका हत्याकांडातून वाचलेल्या तरुणाला पोलीस पुन्हा त्याच घरात घेऊन जातात. हेच प्लाझा 'रेक' या २००७ सालच्या गाजलेल्या भयपटाचे एक दिग्दर्शक. त्यांचा हात मुरलेला आहे. दोन मुली एका घरात शिरतात ती गोष्ट आम्हाला लांबलेली वाटली.

सर्वांत वाईट वाटले ते 'किडप्रिंट' पाहताना. दिग्दर्शक ॲलेक्स रॉस पेरी. काळ १९९२ चा, जागा व्हिडिओ कॅसेटचे दुकान. गावात मुले नाहीशी होत आहेत. दुकानदार आईबापांना सांगतो, तुमच्या मुलाचे नाव, उंची, चेहरा असे मी चित्रित करून ठेवतो, उद्या मूल हरवले तर ओळख पटवायला कॅसेट तयार. अशी सोय तिकडे त्या काळी खरोखरच होती. १९८० च्या दशकात अमेरिकेत मुले पळवण्याची इतकी धास्ती होती की १९८४ पासून दुधाच्या खोक्यांवर हरवलेल्या मुलांचे फोटो छापू लागले. या गोष्टीत भूत नाही, शाप नाही, काही नाही. धोका बाहेरून आलेला नाही, एवढेच सांगतो. मुलांचे हाल ज्या रीतीने पडद्यावर आणले आहेत ते आमच्या मते गरजेपेक्षा फार जास्त आहे. तिथे दिग्दर्शकाने हात आवरायला हवा होता.

आता मुद्दा असा, की नट आहेत, रंगभूषा आहे हे ठाऊक असून अंगावर काटा का येतो? याचे उत्तर त्या हलत्या कॅमेऱ्यात आहे. नेहमीच्या चित्रपटात कॅमेरा कुणाचाच नसतो, तो सगळीकडे असतो. इथे तो गोष्टीतल्या एका माणसाच्या हातात आहे. त्याला दिसते तेवढेच आपल्याला दिसते, त्याच्या पाठीमागे काय आहे ते त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही. शिवाय चित्र मुद्दाम खराब केलेले असते. आमच्या वयाच्या वाचकांना आठवत असेल, वर्गणी काढून रात्रीपुरता व्ही.सी.आर. भाड्याने आणायचो, चौकात रात्रभर तीन सिनेमे चालायचे. घासलेली कॅसेट असली की पडद्यावर मुंग्या यायच्या, पट्टे फिरायचे, मग कुणीतरी उठून हेड पुसायचा. तेच पट्टे, त्याच मुंग्या या चित्रपटात हौसेने घातल्या आहेत. लग्नाची कॅसेट अशीच दिसायची, सहलीची अशीच दिसायची, म्हणून असे चित्र दिसले की मन आपोआप म्हणते, हे घरगुती आहे, म्हणजे खरे आहे. स्वच्छ चित्रावर आपण शंका घेतो. खराब चित्रावर विश्वास टाकतो.

ही युक्ती जुनी आहे. १९९९ साली 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' आला. तिघा नटांच्याच हातात कॅमेरे देऊन मेरिलँडच्या जंगलात आठ दिवसांत त्याचे चित्रण झाले होते. पात्रांना नटांची खरी नावे दिली, ते बेपत्ता आहेत अशी पत्रके वाटली. लोकांनी इतका विश्वास ठेवला की त्यातल्या नटीच्या आईला सांत्वनाची पत्रे आली, आणि पोरगी तर जिवंत! चित्रपटाने जगभरात सुमारे २४ कोटी ८० लाख डॉलर कमावले. त्याच्याही आधी, १९९२ च्या हॅलोविनच्या रात्री, इंग्लंडमध्ये बी.बी.सी.ने 'घोस्टवॉच' दाखवला. नेहमीचे विश्वासू निवेदक मायकल पार्किन्सन समोर बसलेले, एका घरातून थेट प्रक्षेपण चालू आहे असा देखावा, आणि हे सारे काही आठवडे आधी चित्रित केलेले. नाटकाच्या सदरात ते दाखवले गेले, लेखकही होता. पण ज्याने मधूनच टी.व्ही. लावला त्याला ते कसे कळावे? कार्यक्रमानंतर काही दिवसांनी अठरा वर्षांच्या एका मुलाने आत्महत्या केली. त्याच्या आईवडिलांनी त्यासाठी या कार्यक्रमाला जबाबदार धरले.

म्हणजे सुरुवात आणि शेवट कापला की नाटकाची बातमी होते. आमच्या वस्तीतल्या मुलीला मिळाला तो तुकडा असाच. चित्रपटाच्या शेवटी नटांची नावे येतात, रंगभूषाकाराचे नाव येते, कृत्रिम रक्त करणाऱ्याचेही येते. त्या एका मिनिटात कुणाचेच नाव नव्हते.

कुणी म्हणेल, पोरगी घाबरली, दोन दिवसांत विसरेल, एवढे काय? म्हणून २०१८ ची आठवण देतो. त्या वर्षी देशभर मोबाईलवर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात, रस्त्यावर खेळणारे मूल उचलतात आणि पळतात. मूल पळवणारी टोळी आली, सावध राहा, असा मजकूर जोडीला. ती फीत खरे तर कराचीतल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी केलेला लघुपट होता. मूळ फितीत ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. कुणीतरी तो शेवट कापला. उरली ती 'सापडलेली फीत'. अशा फिती आणि अफवा गावोगाव फिरत होत्या, आणि ठिकठिकाणी जमावाने परक्या माणसांना मारले.

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा इथे आठवडे बाजाराच्या दिवशी मुले पळवणारे समजून पाच जणांना ठेचून मारण्यात आले. मंगळवेढ्याकडची, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षेवर पोट भरणारी माणसे ती. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारले. मारतानाचेही मोबाईलवर चित्रण झाले आणि तेही फिरले. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असे बंधन जाहीर केले. पाच माणसे, पाच ठिकाणे.

त्या वेळी आमच्याच एका बैठकीत एक सद्गृहस्थ म्हणाले होते, "ते आपल्यातले नव्हते." आम्ही त्यांना विचारले, उद्या आपलाच पोरगा कामाच्या शोधात परक्या तालुक्यात गेला, अंगावर कपडे मळके, भाषा थोडी निराळी, आणि तिथे कुणाच्या मोबाईलवर फीत आली, तर तो कुणातला? ते गप्प बसले. आम्हालाही त्यापुढे बोलवले नाही.

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये दैवी चमत्कारांवरील विश्वास म्हणजे धम्म नव्हे हे स्पष्ट सांगितले आहे, आणि कालामांना भगवंतांनी केलेला उपदेश आपल्या विहारात नेहमी सांगितला जातो. ऐकले म्हणून मानू नका, परंपरेने आले म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. आम्ही वर्गात एवढेच जोडले, की मोबाईलवर आले म्हणूनही मानू नका. मोठी पोरे हसली, पण ऐकत होती.

मग त्याच पोरांना कामाला लावले. तो तुकडा पुन्हा लावला, या वेळी आवाज बंद करून, लहानांना बाहेर पाठवून. विचारले, हे कोण चित्रित करतो आहे? जीव धोक्यात असताना त्याने मोबाईल फेकून का दिला नाही? आधी काय झाले, नंतर काय झाले, ते कुठे आहे? आवाज गेल्याबरोबर निम्मी भीती गेली. नववीतला एक मुलगा म्हणाला, "काका, तो पळतो आहे तरी माणूस बरोबर मधोमध कसा दिसतो?" हा प्रश्न आम्हाला स्वतःला सुचला नव्हता.

पुढच्या रविवारी पोरांनी विहाराच्या जिन्यात स्वतःची भुताची फीत काढली. पांढरी चादर, टॉर्च, आणि पाण्याच्या टाकीत तोंड घालून काढलेला आवाज. तो आवाज खरोखरच वाईट होता. आमची अट एकच होती, की शेवटी प्रत्येकाने चेहरा दाखवून नाव सांगायचे. फीत दोन मिनिटांची झाली, त्यात नावेच अर्धा मिनिट. भूत झालेल्या मुलाने दोनदा सांगितले.

आता काही पालकांनी विचारले आहे, हा चित्रपट मुलांना दाखवावा का? नाही. तो प्रौढांसाठी आहे आणि 'किडप्रिंट'चा भाग तर कित्येक प्रौढांनाही सोसणार नाही. ज्यांना भयपटांची आवड आहे त्यांनी जरूर पाहावा, मात्र पूर्ण पाहावा, नावांसकट. आणि त्यातला तुकडा कुणाला पाठवायचाच असेल तर खाली चित्रपटाचे नाव लिहून पाठवावा. एवढे केले तरी एखाद्या आईची झोप वाचेल.

त्या मुलीच्या भावाने तिच्यासमोर बरणी धरून माफी मागितली. ती आता चॉकलेट घेते. पण बरणीत हात घालत नाही. आधी सगळी चॉकलेटे ओढणीवर ओतते, रिकाम्या बरणीत डोकावून तळ पाहते, बाहेरून बोटाने वाजवते, आणि मग एक उचलते. परवा दोन उचलली.